राखलेला वाटा

वाटेमामांच्या हाताला तराजू लागत नसे. गटारीच्या दिवशी शेणव्याजवळच्या त्यांच्या पाड्यात सगळ्यांनी मिळून एक बोकड घ्यायचा, तो मामांनी कापायचा आणि वाटेही त्यांनीच घालायचे, हे ठरलेलं. अंगणात सागाची मोठी पानं ओळीनं मांडलेली असत. मामा उकिडवे बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जात. प्रत्येक पानावर थोडी कलेजी, थोडी चरबी, एखादी नळी आणि हाडं. एका वर्षी कुणाच्या तरी पाहुण्याला शंका आली म्हणून तो शेजारच्या दुकानातून काटा घेऊन आला आणि त्यानं दोन वाटे तोलले. मामा बिडी ओढत बघत राहिले. पाहुण्यानं काटा गुपचूप गुंडाळला आणि स्वतःच परत नेऊन दिला.

वाटे घालून झाले की कुणीतरी एकानं पाठ फिरवून बसायचं. मामा एका पानावर सुरीचं टोक टेकवून विचारत, "हा कुनाचा?" पाठमोरा माणूस न बघता एका घराचं नाव घेई. तो वाटा त्या घराचा. पुढचं पान, पुन्हा तोच प्रश्न. त्यामुळे कुणाच्या पदरात काय पडणार हे मामांच्याही हातात राहत नसे. जो त्या दिवशी आलेला नसेल, कामावर अडकला असेल किंवा तापानं पडला असेल, त्याचंही नाव घेतलं जाई. त्याचा वाटा पानात बांधून दोऱ्यानं आवळून बाजूला ठेवत. "नाय आला त्याचा वाटा राखायचा, आनि सांज व्हायच्या आत त्याच्या घरी टाकायचा," मामा सांगत. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. पुढे जे झालं ते याच नियमापायी झालं, म्हणून तो आधी सांगून ठेवते.

मी मुरबाडची. मामा माझे सख्खे मामा नव्हेत, आईच्या माहेरच्या पाड्यातले, म्हणून मामा. मी पत्रकं काढते. रेशन, वनजमिनीचे दावे, बंद पडलेली एसटी, जे दिसेल त्यावर. माझं पत्रक हातात आलं की मामा आधी त्याचा कागद बोटांनी चोळून बघत, मग कुणाकडून तरी वाचून घेत. एकदा म्हणाले, "तुझ्या कागदात मागायचं लय असतं गो. मिळाल्यावर वाटायचं कसं, ते कुठंच नाय." मला राग आला होता. मी म्हटलं, आधी मिळू तर दे. ते म्हणाले, "मिळाल्यावरच भांडनं व्हतात."

पोटापाण्यासाठी ते लग्नाचे आचारी होते. मुंबईच्या एका केटरर शेठकडे त्यांचं पथक होतं, मामा धरून सात जण. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची जनाबाई, जिच्या भाकऱ्या बघायला परदेशी पाहुणे रांग लावत. तंदूर सांभाळणारा सापगावचा रोशन, पथकात इंग्रजी येणारा तो एकटाच. मुरबाडकडचे दोघे भाऊ कापणी-चिरणीला, आणि मुंबईचे दोन मिठाईवाले. स्वयंपाकघरातही मामांचा कारभार तोच. वरकड मिळालेली बक्षिसी चुलीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांत सारखी. भांडी घासणाऱ्यालासुद्धा. एकदा शेठनं मामांच्या खिशात वेगळी नोट कोंबली, तर मामांनी ती सगळ्यांसमोर काढून विचारलं, "ही कुनाची?" शेठनं पुन्हा तसं केलं नाही.

आमच्याकडचा एक पुढारी गटारीला यायचा आणि बिनहाडाचं मटण मागायचा. मामांनी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "साहेब, एकाला बिनहाडाचा वाटा दिला म्हंजे दुसऱ्याच्या पानात दोन हाडं जातात." पुढारी हसला, पण त्याच्या पानात हाडं गेलीच. मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते एका पत्रकाला मथळा म्हणून वापरलं. मामांना दाखवलं, तर म्हणाले, "मटनाचं बोललो मी."

मग अमेरिकेतलं लग्न आलं. मुलीकडच्यांनी तिकडच्या वाळवंटातल्या एका शहरात हॉटेल घेतलं होतं आणि शेठनं सातही जणांना नेलं. त्या हॉटेलात खालचा अख्खा मजला जुगाराचा. लग्न आटोपल्यावर सातांनी सारखी वर्गणी काढली, प्रत्येकाच्या खिशातले थोडे डॉलर, आणि एका मशीनसमोर जाऊन उभे राहिले. बटण मामांनी दाबलं, कारण ते वयानं मोठे. जनाबाई सांगते, मशीन असं वाजायला लागलं की तिला वाटलं काहीतरी मोडलं, आणि ती मागच्या मागे सरकली. मोडलं काहीच नव्हतं. रुपयांत धरली तर रक्कम लाखांत होती.

खिडकीवरच्या बाईनं पासपोर्ट मागितला. सातांपैकी सहांचे पासपोर्ट शेठच्या पेटीत. मामांचा मात्र त्यांच्याजवळच होता. गावदेवाच्या अंगाऱ्याची पुडी त्यात होती आणि ती दुसऱ्याच्या पेटीत ठेवायला ते तयार नव्हते. बाईनं सांगितलं की पैसे सगळ्यांचे असतील तर प्रत्येकाची ओळख लागेल. बाकीच्या कुणाकडे काहीच नव्हतं, म्हणून सगळं मामांच्या नावावर लिहिलं गेलं. परदेशी माणूस, म्हणून शंभरातले तीस त्यांच्या सरकारनं जागीच कापले. रोशननं मामांना समजावलं, "मामा, एवढे ते कापून ठेवतात. अर्ज केला तर कधीकधी परत मिळतात म्हणे."

मामांनी ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात ते चटकन बसलं. तीस राखून ठेवलेत, म्हणजे तो वाटा घरी पोचणार. खोलीवर जाऊन त्यांनी पलंगावर हॉटेलचे सात टॉवेल पसरले, सत्तरातले सात वाटे घातले, रोशनला पाठमोरं बसवलं आणि "हा कुनाचा?" विचारत वाटून टाकले. मग शब्द दिला. "राखलेला आला की तो पन असाच. माझ्या घरी येईल, तुमच्या घरी मी टाकीन."

आपल्याकडचं कोणीही हे ऐकून हसेल. परदेशातल्या सरकारनं कापलेला कर हा कुणी घरी आणून टाकायचा मटणाचा वाटा नव्हे. पण मामांच्या आयुष्यात ज्यानं ज्यानं वाटा राखला त्यानं तो पोचवला होता. वेगळं वागायचं त्या सरकारला काय कारण, असं त्यांना वाटलं.

ते वाट बघत राहिले. मी पाड्यावर गेले की पहिला प्रश्न, "तिकडचं काय आलं का गो?" रोशन भेटला की त्याला. बँकेत पासबुक भरायला गेले की तिथल्या मुलीला. मला एकदा टोमणाही मारला. मुरबाडच्या बाजारात मी मोबाइलवरच्या रमीविरुद्ध पत्रक वाटलं होतं. मामा म्हणाले, "जुगाराला शिव्या देतेस, आनि जुगारातलं माझं आनून देशील का?" मी म्हटलं, देते. तेव्हा मला वाटलं होतं एखादा अर्ज असेल, भरून टाकू.

वाचायला बसले तेव्हा माझं डोकं फिरलं. त्या देशाचा कायदा असा की परदेशी माणूस पत्त्यांच्या काही ठरावीक टेबलांवर किंवा फिरत्या चाकावर जिंकला तर त्याला कर नाही. मशीनवर जिंकला तर आहे. शेठ त्याच मजल्यावर पत्त्यांच्या टेबलावर बसला होता, जिंकलाही होता, आणि त्याचं एक नाणंही कापलं गेलं नव्हतं. चुलीपाशी राबणारे सात जण पत्ते येत नाहीत म्हणून बटण दाबायला गेले आणि त्यांचे तीस गेले. काही देशांच्या लोकांना करारामुळे ते परत मिळतात. आपल्याला तसं काही नाही. कल्याणचा एक एजंट मामांना फोन करून सांगत होता की निम्मी फी आधी दिली तर सगळं सोडवून देतो. मी त्याच्याकडे कायद्यातलं कलम मागितलं. त्यानं फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

मामांना सांगायला गेले, तर ते अंगणात सुरीला धार लावत होते. मी सरळ सांगून टाकलं, "मामा, ते परत यायचे नाहीत."

त्यांनी धार लावणं थांबवलं नाही. "कायद्यात नाय का?"

"नाही."

"मग राखले कशाला?"

 

त्यानंतर खरी भीती आली. शहापूरच्या एका ऑफिसातल्या माणसानं मामांचा आयकराचा अर्ज भरला होता. जिंकलेली सगळी रक्कम त्यानं मामांच्या नावावर दाखवली, ते बरोबरच होतं. परदेशात कापलेला कर इथल्या करातून वजा करून मिळतो. त्यासाठी एक वेगळा फॉर्म मुदतीत भरावा लागतो. तो त्यानं भरलाच नाही. आपल्याकडच्या आयकर खात्याची मागणीची नोटीस आली. शंभरावर पुन्हा तीस. वर व्याज. म्हणजे मामांना सत्तरातला सातवा वाटा मिळालेला, दहा, आणि त्यांच्याकडून तीस मागत होते. त्यांचे दहासुद्धा केव्हाच घरावरच्या पत्र्यांत गेले होते.

मी म्हटलं, सातांनी वाटून घेतले, सातांनी भरायचे. मामा माझ्यावर उखडले. "दिलेला वाटा परत मागायचा? माझ्या बापानं मागितला नाय कधी. तू त्यांना कळवायचं नाय. कळलं तर माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नको."

मी तोंड बंद ठेवलं. मला ते जमत नाही, पण ठेवलं. मुदत टळून गेल्यावर भरलेला तो फॉर्म धरावा म्हणून अपील टाकलं. शहापूरची एक वकीलबाई फुकट लिहून द्यायला तयार झाली. म्हणाली, मुदत चुकली म्हणून हक्क जात नाही असे निकाल आहेत, पण वेळ लागेल. तोवर मागणीतला पाचवा हिस्सा भरला तर वसुली थांबते. नाही भरला तर खातं गोठवू शकतात. मामांनी हे मान खाली घालून ऐकलं. घरी परतताना एसटीत माझ्या शेजारी बसून ते तळहाताकडे बघत होते, जणू तिथं काही लिहिलं असावं.

ते झोपेनासे झाले. मामी मला हळूच म्हणाल्या, "फोन वाजला की दचकतात. कुनाचा बी असू दे." मामांनी फोन चुलीमागच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली, म्हणजे ऐकू कमी येईल. पोस्टमन रस्त्यानं जाताना दिसला की ते गोठ्यात जात. लग्नाचं काम आलं तर नको म्हणत. पाड्यात लोकांनी विचारलं तर पाठ दुखते असं सांगत. पाठ दुखत नव्हती. त्यांना वाटत होतं की ते नाहीत असं बघून कुणी घराला टाळं लावेल. मी दहादा सांगितलं, असं होत नसतं. मला स्वतःलाही खात्री नव्हती.

त्या वर्षीची गटारी मी विसरणार नाही. मामा पानांच्या ओळीपाशी बसले, वाटे घातले. ते उठले तेव्हा मी बघितलं. शेवटच्या तीन पानांवर नळी नव्हतीच, आणि मधल्या एका पानावर कलेजी डोळ्यांत भरेल इतकी जास्त. सगळ्यांनी बघितलं.  एका म्हाताऱ्यानं लगेच पाठ फिरवली आणि नावं घ्यायला लागला, भराभर, मामांच्या लक्षात येऊ नये म्हणून. ज्याला नळीविना वाटा गेला त्यानं तो गुमान उचलला. काटा आणणाऱ्या पाहुण्यासमोर न डगमगलेला माणूस त्या दिवशी सुरी धुवायला विसरून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी मी डोळखांबची गाडी पकडली आणि जनाबाईला सगळं सांगून टाकलं. मामांचा शब्द मोडला, हे मान्य. पुन्हा मोडीन.

जनाबाई नाचणीचं रोप उपटत होती. तिनं हात धुतले, डोक्यावरचा पदर काढून पुन्हा घेतला आणि एवढंच विचारलं, "रोशनला तू सांगतेस का मी?"

श्रावणातल्या एका दुपारी ते आले. जनाबाई, रोशन, मुरबाडचे दोघे भाऊ. मुंबईचे मिठाईवाले येऊ शकले नव्हते, त्यांचे पैसे रोशननं आणले होते. मामा पडवीत बसले होते. चौघांना एकदम बघून त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठायला गेले, गुडघा धरला, मग भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

"मामा, चहा नाय का सांगनार?" रोशननं विचारलं.

भिंतीकडे बघत मामा म्हणाले, "चहा पिऊन जा. बाकीचं काय असेल ते घेऊन जा."

"बाकीचं म्हंजे?"

"माझ्या नावावर हाय ते माझं हाय."

 येताना जनाबाईनं सागाची पानं तोडून आणली होती. ती पडवीत ओळीनं मांडली. भरायच्या पाचव्या हिश्श्याचे सात भाग करून तिनं एकेका पानावर ठेवले. सातव्या पानावर, मामांच्या वाट्याचे, मामींनी आतून आणून दिले. मग ती सरळ बसली आणि म्हणाली, "त्या पुढाऱ्याला तुमी काय सांगितलं व्हतं मामा? बिनहाडाचं मागायला आल्यावर?"

मामांनी भिंतीचा पोपडा नखानं खरवडला.

"मग आमाला का बिनहाडाचा दिला? सहा जनांची हाडं तुमच्या एकट्याच्या पानात. असा वाटा कुनी घालतं का?"

कोंबडी पडवीत आली, मामींनी हुसकली. जनाबाईनं पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"हा कुनाचा?"

मामा पाठमोरेच होते. रागानं पाठ फिरवून बसलेले, आणि आता त्याच पाठीमागून त्यांचाच प्रश्न आला होता. तिनं पुन्हा विचारलं. मुरबाडचा धाकटा भाऊ जमिनीकडे बघत होता. भिंतीकडून आवाज आला, "रोशनचा."

"हा कुनाचा?"

"तुझा."

असं करत करत सहा नावं झाली. सातव्या पानावर बोट ठेवून जनाबाई थांबली. मामांनी मान वळवली नाही. म्हणाले, "ऱ्हायला तो माझा." आणि मग, कुणाकडे न बघता, "हाडंच लय दिसतात या बोकडात." रोशन आधी हसला, मग सगळेच. मामींनी चहा आणला. मामा माझ्याशी त्या दिवशी बोलले नाहीत, पण कप त्यांनीच माझ्यासमोर सरकवला.

पैसे भरले, वसुली थांबली. अपील मात्र पडून होतं. तारीख लागायची, पुढे जायची. मी इथे कुणा अधिकाऱ्याचं नाव लिहीत नाही, वकीलबाईनं बजावलंय. इतकंच लिहिते की एका साध्या कागदावर सही व्हायला जेवढा वेळ लागला तेवढा एका माणसाला मिळाला नाही. मामा त्या हिवाळ्यात गेले. छातीत कळ आली, शहापूरला नेईपर्यंत संपलं होतं. आदल्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "आलं का काय गो?" मी म्हटलं, येईल. पत्रकांत मी असले शब्द वापरत नाही. तारीख मागते, सही मागते. त्यांना मात्र येईल असंच म्हणाले.

निकाल पावसाच्या तोंडावर आला. तिकडे कापलेला कर इथे धरला गेला, मागणी जवळपास पुसली गेली, आणि भरलेला पाचवा हिस्सा थोडी वजावट होऊन परत मिळाला. वारस म्हणून मामींचं नाव लावायला आणखी चकरा झाल्या. त्या देशानं कापलेलं तिकडेच राहिलं. पण सातांनी मिळून इथं भरलेलं मामांच्या घरी आलं होतं, आणि सातांच्या घरी ते टाकायचा शब्द मामांचा होता.

मामींनी सगळ्यांना बोलावलं. या वेळी मिठाईवालेही आले. पडवीत सात पानं मांडली. वाटे मामींनी घातले, अगदी सारखे. पाठमोरं बसायला त्यांनी मला सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले, मामा बसले होते तिथंच.

"हा कुनाचा?" मामींचा आवाज मागून आला. मी नावं घेत गेले. जनाबाई. थोरला भाऊ. एक मिठाईवाला. दुसरा मिठाईवाला. धाकटा. रोशन. शेवटी एकच उरलं.

"हा कुनाचा?"

"मामांचा," मी म्हटलं.

मागे पानाचा आवाज झाला, दोरा गुंडाळल्याचा. मी वळले. मामींनी तो वाटा बांधला होता आणि रिवाजाप्रमाणे त्या उठल्याही होत्या, न आलेल्याच्या घरी नेऊन टाकायला. पुडकं हातात घेऊन त्या पडवीच्या पायरीपर्यंत गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. जायचं घर त्यांच्या मागेच होतं.